धरणाच्या जमाखर्चात पूल कोठे आहे?

भाटघरच्या धरणामागे जे पाणी पसरले आहे त्यास येसाजी कंक जलाशय असे नाव आहे. पानशेतच्या पाण्यास तानाजीसागर म्हणतात, आणि वरसगावच्या पाण्यास वीर बाजी पासलकरांचे नाव आहे. मावळ्यांची नावे देण्यात आमच्या सरकारचा हात कधी आखडत नाही, हे आम्ही मोकळ्या मनाने कबूल करतो. नावाला चुना लागत नाही, लोखंड लागत नाही, त्याची निविदा काढावी लागत नाही. परंतु ज्या येसाजींचे भुतोंडे गाव ह्याच पाण्याच्या वरच्या अंगास राजगडाच्या पायथ्याशी आहे, त्या खोऱ्यातल्या माणसास ह्या काठावरून त्या काठावर जावयाचे झाले म्हणजे काय यातायात पडते, हे नाव देणाऱ्यांनी एकदा आषाढात स्वतःच्या पायांनी मोजून पाहावे. समोरच्या वाडीतला धूर दिसतो, गुरांच्या घंटा ऐकू येतात, आणि जावयाचे तर एक लाँच-होडीची वाट पाहत बसा, नाहीतर सगळ्या पाण्याला वळसा घाला.

आमचे म्हणणे थोडके आहे आणि ते आरंभीच सांगून टाकतो. ज्या धरणाने खोऱ्याची वाट बुडविली, त्या वाटेच्या बदली पूल बांधण्याचा खर्च त्या धरणाच्याच खर्चात धरला पाहिजे, आणि पाणी अडविण्यापूर्वी तो पूल उभा राहिला पाहिजे. जेथे तो तेव्हा झाला नाही, तेथे तो राहिलेले देणे आहे. जेथे पूल झाले तेथे आमची तक्रार नाही. जेथे नाहीत तेथे लोक मेहेरबानी मागत नसून थकलेली बाकी मागत आहेत, एवढे सरकारने समजून घ्यावे.

आता ही बाकी कशी तुंबली ते पाहू.

रोहिडखोरे, हिरडस मावळ, वेळवंड खोरे, गुंजण मावळ, कानद खोरे, मोसे खोरे ही नावे ज्यांच्या तोंडी आहेत त्यांस सांगावयास नको की, ह्या मुलखात रस्ता म्हणजे नदीच. डोंगराच्या सोंडा दोहों बाजूंनी उतरतात, मध्ये नदी, नदीच्या काठाने भाताची खाचरे, खाचरांच्या बांधावरून वाट. उन्हाळ्यात नदी कोठेही ओलांडावी. पावसाळ्यात जाणत्या माणसाने दाखविलेल्या उताराने ओलांडावी. सोयरिका नदीच्या दोन्ही अंगांस, देव एका अंगास तर जत्रा दुसऱ्या अंगास. लोहाराचा भाता एका वाडीत, आणि त्याची बलुत्याची घरे दोहों काठांस. अशा खोऱ्याच्या तोंडाशी बांध घातला म्हणजे खाचर बुडते हे सर्वांस दिसते, सरकार त्याचा काही ना काही मोबदलाही मांडते. परंतु उतार बुडतो, वाट बुडते, बलुतेदाराची निम्मी घरे पाण्यापलीकडे जातात, त्याचा मोबदला कोणत्या रकान्यात मांडला जातो? भाटघरच्या वेळी तसा रकानाच कोणाच्या डोक्यात नव्हता.

ह्या मुलखावर १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत भोरच्या पंतसचिवांचा अंमल होता, आणि वेल्ह्याचा भाग त्यांच्या प्रचंडगड तालुक्यात मोडे. नीरेच्या कालव्यासाठी वेळवंडी नदीवर पहिले धरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाले. त्या पाण्यास व्हायटिंग नावाच्या इंजिनियर साहेबाचे नाव मिळाले. पुढे ते अपुरे पडले म्हणून मोठे धरण बांधले, ते १९२८ साली पुरे झाले, आणि त्यास गव्हर्नर लॉइड साहेबांचे नाव दिले. सुमारे २३.५ टीएमसी पाणी त्यात मावते. ज्या वडारांनी दगड फोडला, ज्या पाथरवटांनी तो घडविला, ज्यांच्या बैलांनी चुन्याची घाणी ओढली, त्यांच्यापैकी एकाचेही नाव कोणत्या फरशीवर कोरलेले आम्हांस ठाऊक नाही. असो, तो आजचा विषय नव्हे.

आजचा विषय असा की, धरण संस्थानी मुलखात आणि पाणी इंग्रजी मुलखात, असा तो मामला होता. कालव्याचे पाणी पुरंदर, बारामती, इंदापूर, तसेच फलटण, माळशिरस असे गेले. त्या पाण्यावर ऊस झाला. सासवडच्या माळी मंडळींनी पुढे माळीनगरास स्वतःचा साखर कारखाना उभारला, ह्याचा आम्हांस अभिमान आहे. ते आमचेच लोक आहेत आणि त्यांच्या उसाशी आमचे भांडण नाही. भांडण ह्या गोष्टीशी आहे की, जे बोलणे व्हावयाचे ते साहेबाच्या कचेरीत आणि सचिवांच्या दरबारात झाले. ज्याचे खाचर व ज्याची वाट गेली, तो त्या बोलण्यात कोठेच नव्हता. इंग्रज सरकारास महसूल वाढवावयाचा होता. आणि ज्या दरबारात रयतेला धनी म्हणून मोजण्याची चालच नव्हती, त्या दरबारात वेळवंड खोऱ्याच्या कुणब्यासाठी पुलाची अट कोण घालणार?

येथे आमच्या चळवळीतली एक जुनी गोष्ट आठवते. इंग्रजी मुलखात शेतकऱ्यापासून साऱ्याच्या रुपयामागे १ आणा लोकलफंड घेत असत. त्यातला दोनतृतीयांश भाग रस्त्यांस आणि एकतृतीयांश शाळांस, असा हिशोब होता. पैसा खेड्यातून निघे, आणि तो खेड्यात परत न येता भलतीकडेच जिरे, हे गाऱ्हाणे जोतीराव फुल्यांनी चवाठ्यावर मांडले. १८८२ साली शिक्षण कमिशनापुढे त्यांनी जे निवेदन केले त्यात आपण व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर आहोत असे त्यांनी लिहिले होते. ही गोष्ट आमचे वाचक ध्यानात ठेवोत. जोतीरावांनी बांधकामाच्या कंत्राटात स्वतः हात घातला होता, मुळामुठेवरच्या बंधाऱ्याच्या कामास माल पुरविला होता. दगड कसा मोजतात, चुना कसा चोरतात, आणि खात्यातला कारकून मजुराच्या हजेरीतून आपला वाटा कसा काढतो, हे त्यांनी पुस्तकात वाचले नव्हते. म्हणून सरकारी बांधकामावर लिहिताना त्यांचा आसूड नेमका जेथे लागावयाचा तेथे लागे. आज लोकलफंड त्या रूपात नाही. पण ट्रॅक्टरमध्ये जे डिझेल घालता त्यावर रस्त्यांच्या नावाने उपकर आहेच. भुतोंड्याचा शेतकरी तो देतो आणि मुंबईचा मोटारवालाही देतो. देताना दोघे सारखे, परत मिळताना मात्र एकाची दरी सहापदरी पुलाने भरते आणि दुसऱ्याची पाण्याने.

कोणी म्हणेल, पूल ही फार विद्येची गोष्ट आहे, तुम्हां शेतकऱ्यांस त्यातले काय कळते? कळते तेवढे सांगतो.

जुना दगडी पूल कमानीवर उभा असे. लाकडाचा साचा करून त्यावर घडीव दगड दोहों बाजूंनी चढवीत न्यावयाचे, माथ्यावर मधला दगड ठोकून बसवावयाचा, चुना धरला की साचा काढून घ्यावयाचा. मग वरचा भार एका दगडाने दुसऱ्यास, दुसऱ्याने तिसऱ्यास असा दाबत दाबत खांबात उतरतो. जितका भार तितकी कमान घट्ट. त्यात लोखंड नाही, म्हणून गंजावयास काही नाही. अशा पुलास वरून धोका कमी, खालून जास्त. पुराचे पाणी खांबापाशी भोवरा धरते, बुडाची माती-वाळू उकरते, आणि पायाखालचा आधार गेला की एक खांब खचतो. खांब खचला की त्याच्या दोन्ही कमानी जातात. म्हणून जाणते कारागीर खांबाच्या वरच्या अंगास टोकदार नाक काढीत आणि पाया खडकात नेत.

वरंध घाट उतरून महाडास गेले की सावित्री नदी लागते. तिच्यावर मुंबई-गोवा रस्त्याचा असाच दगडी कमानींचा पूल होता, १९२८ सालचा. म्हणजे घाटाच्या वर भाटघरचे धरण पुरे झाले त्याच साली घाटाच्या खाली हा पूल झाला. धरण आजही उभे आहे. पूल २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महापुरात गेला. दोन एस.टी. गाड्या आणि आणखी एक मोटार काळोखात पाण्यात गेली, सुमारे ४० माणसे दगावली. पूल पडला हे प्रथम कोणा अधिकाऱ्यास कळले नाही. जवळच गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने ते ओळखले आणि धावत जाऊन मागून येणारी वाहने अडविली. पुलाची त्याच साली तपासणी होऊन तो रहदारीस योग्य ठरला होता, असे खात्यातर्फे सांगण्यात आले. डोळ्यांनी कमानी पाहिल्या असतील. पाण्याखालचा पाया कोणी पाहिला?

पण आमचा मुद्दा पुढेच आहे. त्या जागी नवा पूल किती दिवसांत झाला? १६५ दिवसांत! २०१७च्या जूनमध्ये त्यावरून गाड्या धावू लागल्या. आम्ही त्या कामाची तारीफ करतो. परंतु तारीफ करताना विचारतो की, जे सरकार महाडास १६५ दिवसांत पूल बांधू शकते, त्याने मावळातल्या गावास पंधरा-पंधरा वर्षे 'प्रस्ताव विचाराधीन आहे' असे उत्तर कोणत्या तोंडाने द्यावे? मुंबई-पुणे द्रुतगती रस्त्यावर सुमारे ६ किलोमीटर अंतर कमी व्हावे म्हणून खंडाळ्याच्या दरीवर पोलादी दोरांनी तोललेला, १८०हून अधिक मीटर उंच मनोऱ्यांचा पूल हाती घेण्यात आला. त्यासाठी विद्या मिळाली, यंत्रे मिळाली, पैसा मिळाला. तेव्हा विद्या नाही ही सबब खोटी, आणि पैसा नाही ही तिच्याहून खोटी.

धरणाच्या पाण्यावर पूल बांधणे अवघड असते, असेही सांगतात. अवघड कोणते ते पाहू. पाण्याची पातळी भादव्यात काठोकाठ आणि वैशाखात तळाशी, म्हणून ठेंगणा फरशी-पूल चालत नाही. खांब उंच लागतात. हे खरे, आणि त्यास खर्च पडतो हेही खरे. पण साठ्याचे पाणी उभे असते. जेथे ते खोल आणि शांत असते तेथे सावित्रीसारखा पूर खांबाचे बूड उकरीत नाही. खाली सह्याद्रीचा काळा पाषाण आहे. तो बळकट होता म्हणूनच तर इंजिनियरांनी ह्या डोंगरांत धरणे बांधली. जो खडक त्यांच्या धरणास चालतो तो आमच्या पुलास चालत नाही काय? आणि सर्वांत मोठी सोय अशी की, उन्हाळ्यात नीरेच्या कालव्यांस पाणी सोडून सोडून भाटघर इतके उतरते की एरवी बुडालेले कांबऱ्याचे महादेवाचे देऊळ उघडे पडते. लोक पायी जाऊन दर्शन घेतात, वर्तमानपत्रवाले छायाचित्रे काढतात. मंडळी, जेथे देवळाच्या पायरीपर्यंत चालत जाता येते तेथे खांबाचा पाया खणता येत नाही, हे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? दर साल निसर्ग कामास कोरडी जागा फुकट देतो, आणि आमचे खाते त्या दोन महिन्यांत अंदाजपत्रक एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेते.

तिसरी सबब रहदारीची. माणसे बसवून गाड्या मोजतात आणि म्हणतात, येथे रहदारीच नाही, पूल कोणासाठी? ही मोजणी आमच्या समजुतीपलीकडची आहे. ज्या वाटेवर पाणी आहे तिच्यावर गाड्या कशा मोजणार? रहदारी मोजावयाची तर डेअरीस न पोचता नासलेले दूध मोजा. वरच्या इयत्तेची शाळा पलीकडच्या काठास म्हणून चौथीनंतर घरी बसलेल्या मुली मोजा. बाळंतीण अडली असता किती घरांनी रात्र जागून उजाडण्याची वाट पाहिली, ते मोजा. हे आकडे कोणाच्याही नोंदवहीत नाहीत, कारण ते लिहून घेण्याची बाकांवर बसणाऱ्यांस गरज वाटली नाही.

पानशेतचीच गोष्ट घ्या. ते धरण वेल्ह्याच्या मुलखात, आंबी नदीवर. १२ जुलै १९६१ रोजी ते फुटले, त्याच्या लोंढ्याने खडकवासलेही फुटले, आणि पुण्याचे पूल व पेठा पाण्याखाली गेल्या. काम पुरे होण्याआधी घाईने पाणी अडविले गेले, चौकशी कमिशन बसले, पुस्तके निघाली. पुणेकरांचे हाल झाले ते आम्ही विसरत नाही. त्यात गरिबांचीच घरे अधिक वाहिली. धरण पुन्हा बांधले गेले, पुणे पुन्हा पाणी पिऊ लागले. पानशेत म्हटले की आज कोणासही पुण्याचा पूर आठवतो. त्याच पानशेतच्या पाण्याखाली ज्यांची खाचरे आहेत ते कोणास आठवतात काय? पुढे धानेपास गुंजवणीचे धरण झाले, भोरास नीरा-देवघर झाले. दोन तालुक्यांत इतके पाणी अडविलेले असता चैत्रात बायाबापड्या डोईवर हंडा घेऊन चढ चढताना दिसतात.

येथवर वाचून काही बांधव खूश झाले असतील की, साहेबास आणि सचिवास बरे झोडपले. थांबा! साहेब १९४७ साली गेला, संस्थान १९४८ साली गेले, आणि १९६२ पासून जिल्हा परिषद आहे. त्यानंतर ह्या जिल्ह्यात, ह्या प्रांतात राज्य कोणी केले? बहुतेक करून आमच्याच आडनावांच्या लोकांनी. कारी हे कान्होजी जेध्यांचे गाव भोरातच आहे, आणि त्याच घराण्याचे केशवराव जेधे ब्राह्मणेतर चळवळीचे पुढारी होते. त्या पिढीने भटशाहीशी झुंजून ज्या खुर्च्या बहुजनांस मोकळ्या करून दिल्या, त्या खुर्च्यांवर बसलेल्यांनी खोऱ्यांस काय दिले? नारळ दिले. एका पुलाचे तीन तीन वेळा भूमिपूजन! मुहूर्त काढावयास भटजी, फीत कापावयास पुढारी, टाळ्या वाजवावयास आम्ही. पूजेस दक्षिणा रोख मिळते आणि पुलास निधी 'पुढील अधिवेशनात' मिळतो. कोनशिलेवर नावे कोरून झाली की पाथरवटाचे त्या जागी पुन्हा काम निघत नाही. सत्यशोधकांच्या नातवंडांनी हे मुकाट्याने पाहावे काय? पाणी जेथे जाते तेथे मतांचे गठ्ठे आहेत, कारखाने आहेत, बँका आहेत. पाणी जेथून जाते तेथे चार वाड्या आहेत. हिशोब इतका सरळ आहे, आणि तो आमच्याच माणसांनी मांडला आहे.

मंजुरीवर विसंबू नका, हेही सांगून ठेवतो. मावळ तालुक्यात कुंडमळ्यास इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी कोसळला आणि ४ माणसे मेली. नव्या पुलाची मंजुरी झालेली होती. मंजुरी कागदावर राहिली आणि माणसे जुन्या पुलावर.

आता एक अडचण, जी सरकारने नव्हे तर आमच्याच एका वृद्ध वाचकांनी आमच्यापुढे ठेवली. ते म्हणतात, पूल नाही म्हणून तर आमची जमीन राहिली आहे. पूल आला की पुण्याचा दलाल येईल, डोंगराला तारेचे कुंपण पडेल, आणि पोर आपल्याच वावरात राखणदार होईल. ह्या म्हणण्यास आम्ही हसणार नाही. वेल्ह्यात जेथे जेथे चांगली सडक गेली तेथे सडकेच्या कडेची किती खाती अजून जुन्या कुळांच्या नावावर आहेत, हे ज्याने त्याने आपल्या गावच्या सातबारावर पाहावे. भीती खरी आहे. तरी त्या भीतीपायी बाळंतिणीने होडीत बसावे हा उपाय होऊ शकत नाही. उपाय असा की, पुलाची मागणी दलालाच्या तोंडून न येता ग्रामसभेतून यावी. पुलाची जागा बंगल्यांच्या सोयीची न धरता जुन्या उताराची धरावी, जेथे दोन्ही काठांच्या वाड्या एकमेकींस भेटत होत्या. आणि पूल होईपर्यंत व झाल्यावरही काही वर्षे जमीन विकू नये असा निर्धार भावकीने आपसांत करावा. तो निर्धार सरकार करून देणार नाही. उसनवारीसाठी, लग्नासाठी, दारूसाठी जमीन काढणारा हात आमच्याच घरातला असतो.

कायद्याचे म्हणाल तर, महाराष्ट्रात प्रकल्पामुळे उठलेल्यांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ साली झाला. सत्यशोधकी वळणाच्या बाबा आढावांसारख्या माणसांनी धरणग्रस्तांची बाजू गावोगाव मांडली, हे आम्ही कृतज्ञतेने नमूद करतो. पण भाटघर त्या कायद्याच्या जवळजवळ अर्धशतक आधीचे. ज्यांचे घरदार बुडाले त्यांचेच जेथे भागले नाही, तेथे ज्यांचे घर काठावर राहिले आणि नुसती वाट बुडाली, त्यांस कायद्याने धरणग्रस्त म्हणून कोण ओळखतो? काठावरच्या ह्या गावांस नाव नाही, वर्ग नाही, रकाना नाही.

म्हणून येत्या ग्रामसभेत दोन्ही काठांच्या गावांनी एकच ठराव एकाच मजकुराने करावा. निरनिराळे ठराव झाले म्हणजे खाते एकास दुसऱ्याविरुद्ध उभे करते. ठरावात जुना उतार कोठे होता ते जाणत्या माणसांस विचारून नावानिशी लिहावे. वळसा किती किलोमीटर पडतो ते मोटारसायकलच्या आकड्यावरून मोजून लिहावे. पलीकडच्या शाळेत जाणारी मुले, डेअरीस जाणारे दूध आणि गेल्या पाच वर्षांत अडलेले दुखणेकरी ह्यांचे आकडे घरोघर फिरून घ्यावेत. हे काम शिकलेल्या मुलींनी हाती घ्यावे, त्या बिनचूक करतात. माहितीच्या अधिकारात जलसंपदा खात्याकडे आणि बांधकाम खात्याकडे एक एक अर्ज टाकून विचारावे की, ह्या जलाशयावरील पुलाचे अंदाजपत्रक पूर्वी कधी झाले, किती रुपयांचे झाले, आणि ते कोणत्या तारखेस कोणाच्या शेऱ्याने परत गेले. उत्तर आले की ते चावडीवर लावावे. गावच्या गवंड्याला, लोहाराला आणि वडाराला घेऊन वैशाखात पाणी उतरल्यावर तळात जावे, खडक कोठे उघडा आहे ते पाहून खुणा कराव्यात, आणि खात्याचा माणूस पाहणीस येईल तेव्हा त्यास त्या खुणांपाशी उभे करावे. आषाढ लागला की त्या खुणा पुन्हा पाण्याखाली जातील, तेव्हा हे काम रोहिणी निघण्याच्या आत उरकावे.